दोन डोळ्यांचा काळा

"अहो, पुरे झाल्या त्या खिडकीच्या खेपा," मी काउंटरवरून म्हटलं. "तिकडे नेला म्हणून कागद काही रंग बदलणार नाही."

हे पुन्हा खिडकीशीच. हातात फोटो छापण्याआधीच्या टेस्टच्या दोन पट्ट्या, दोन्हींवर एका म्हाताऱ्या नावाड्याचा तोच चेहरा. एकीतला काळा जरासा तपकिरीकडे झुकणारा, दुसरीतला निळसर. यांनी आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. मग दोन्ही उघडून पुन्हा प्रिंटरपाशी. सकाळपासून हेच चाललं होतं. महागडा कागद टोपलीत जात होता आणि माझा जीव खालीवर होत होता.

मागच्या महिन्यात यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं अजून व्हायचंय. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय. झकासच म्हणायचं, माझ्या सुरकुत्या यांना घरी आल्या आल्या दिसल्या. पण तेव्हापासून माणूस सैरभैर. पांढरा रुमाल हातात धरून एकदा या डोळ्याने, एकदा त्या डोळ्याने बघत बसायचे. विचारलं की, "काही नाही." तिरसट तर लग्नापासूनच आहेत, ते मी ऑपरेशनच्या माथी मारणार नाही.

दुपारी फोटोग्राफर बाई आल्या. परवा त्यांचं प्रदर्शन. प्रिंटर काय, गल्लोगल्ली झालेत, पण बाईंचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो इतकी वर्षं हेच छापतात. टेबलावरच्या पट्ट्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी कशाला बघू? मला काय हवं ते तुम्हाला ठाऊक आहे. उबदार काळा, पण चहा सांडल्यासारखा नको. संध्याकाळी घेऊन जाते."

"होऊन जाईल," हे म्हणाले. आवाज इतका बारीक, की मी बिलांतून मान वर केली.

बाई गेल्या. यांनी आणखी एक पट्टी काढली आणि निघाले खिडकीकडे. मग मात्र मला राहवेना.

"नक्की काय दिसतंय तुम्हाला? खरं सांगा."

"एकच पट्टी उजव्याला निळसर दिसते, डाव्याला तपकिरी. दोन्ही उघडले की नुसता घोळ. कुठला डोळा खरा, तेच कळत नाही."

"मग बाईंना सांगून टाका की."

"काय सांगू? माझ्या नजरेसाठी येतात त्या. नजरच गेली तर काय उरलं? बटण काय, कुणीही दाबतं."

इतक्या वर्षांत या माणसाने मला टोनबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. मी कधी तोंड घातलंच तर म्हणायचे, तू बिलं बघ. मला संताप यायचा. मलाही डोळे आहेत, असं मनातल्या मनात कितीदा सुनावलं असेल.

यांनी सकाळच्या त्या दोन पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या.

"तू सांग."

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हे शेजारी उभे, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. मी पट्ट्या उजेडात धरल्या. एकीत नावाड्याच्या गालावरची सावली मेलेली होती, दुसरीत गाल जिवंत वाटत होता. आंधळ्यालाही कळलं असतं. तरी मी बराच वेळ बघत राहिले. एक डोळा बारीक केला, पट्ट्या जवळ घेतल्या, लांब धरल्या, पुन्हा जवळ घेतल्या.

"अवघड आहे हो," मी म्हटलं. "पण ही असावी."

यांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली.

"हं. मलाही हीच वाटत होती," म्हणाले, आणि प्रिंटरकडे वळले.