गोळीला सुट्टी

आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान प्रतापराव, कुठलीही शिक्षा मुकाट्यानं मान्य करत नाहीत. त्यांना हिपॅटायटिस-बी झाला, यकृताला ग्रासणारी, विषाणूची कावीळ, तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज एक गोळी. हे मात्र कोर्टाला सुट्टी लागली की गोळीलाही सुट्टी देत. "क्या जी, विषाणूला थोडा आराम नक्को?" वर स्वतःच हसायचे. मला मेलीला हसू येईना.

त्या सुट्ट्यांत विषाणू शहाणा झाला. ती गोळी त्याला लागू पडेना. त्यात तपासणीत हिपॅटायटिस-सीसुद्धा निघाला. मग कुकटपल्लीच्या तेलुगू डॉक्टर भाग्यलक्ष्मींनी नीट समजावलं, "सीची गोळी तीन महिने. बीची नवी गोळी जन्मभर, थांबवायची नाही. आणि भारतीगारू, तुमचं रक्त आजच तपासू. लागण नसेल तर लस देता येईल."

"जन्मभर? ही तर जन्मठेप! अपील करू," साहेब म्हणाले, आणि घाई आहे म्हणून मला तिथून उठवलं. घरी आल्यावर म्हणाले, "आपल्या चिक्कडपल्लीतली लॅब मंडळातल्या हिम्मतरावांच्या जावयाची. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मराठी मंडळात बोभाटा. बघू, पुढच्या तारखेला." रक्त तपासायला जावं म्हणून मी पायात चपला सरकवल्या की यांना अब्रू आठवायची.

सी गेल्याचा रिपोर्ट आला तेव्हा साहेबांनी जेवण घातलं. खुबानी का मीठा, मंडळातले झाडून सगळे, आणि सांगितलं काय, तर पित्ताशयात खडा होता, विरघळला! त्याच दिवशी बीची गोळीही बंद. "निर्दोष सुटलो की." अहो, सुटला तो सीपासून! बी आहे तिथेच आहे! बोलून बोलून माझा घसा सुकला, पण ऐकतील तर शपथ. पुढे थकवा यायला लागला तर कपाटातल्या जुन्या उरलेल्या गोळ्या काढून खाल्ल्या. ज्यांना तो विषाणू भीक घालत नव्हता, नेमक्या त्याच.

पाडव्याला यांचे डोळे हळदीसारखे पिवळे. धावत कुकटपल्ली गाठली. डॉक्टरांपुढे मी हात पसरला, "माझंही रक्त घ्या, आत्ता." साहेबांनी तोंड उघडलं. मी नुसतं बघितलं त्यांच्याकडे, आणि ते मिटलं.

नवी गोळी पुन्हा सुरू झाली आणि हे वाचले. मग माझा रिपोर्ट आला. मलाही बी.

"यजमानांकडूनच आला असणार," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "जुन्या गोळीला आधीच सरावलेला आहे. तुम्हालाही नवीच, जन्मभर."

लग्नातला शालू माहेरचा, पाटल्या सासूबाईंच्या. यांनी स्वतः होऊन मला दिलं ते एवढंच, तेही शिकवून तयार केलेलं. रिक्षात मी मोठ्यानं रडले. अब्रू गेली खड्ड्यात.

घरी येऊन गोळी तळहातावर घेतली.

"भारती, जन्मभर म्हणजे तसं बघायला गेलं तर..." साहेब पुटपुटले.

"अपील नको. पाणी आणा."

उठले. स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुड चालली होती. मग तिथूनच हाक आली, "अगं, आपल्याकडे पेले कुठे असतात?"