खोली क्रमांक दोन

"बाई, तिथून नको. ती भिंत आहे."

योजनेच्या बाईंचा पाय हवेतच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. उघडा माळ, वाळलेलं गवत आणि त्यातून गेलेली फक्कीची पांढरी रेघ. एक वीटसुद्धा नव्हती. त्या हसल्या आणि रेघ ओलांडून सरळ आत आल्या.

राखणदार स्वतः मात्र वळसा घालून गेला. रेघेत एके ठिकाणी तीन फूट जागा मोकळी सोडली होती, तिथून तो आत शिरला.

एकतीस वर्षं तो ही जागा राखत होता. सरकारने उच्च शिक्षणाची तीस वर्षांची योजना आखली, तेव्हा या माळावर कॉलेज धरलं होतं. माणसं घरोघर फिरली, पाच वर्षांपर्यंतची पोरं मोजून गेली. चारशे बारा भरली. ही पोरं अठराची होतील तोवर इमारत उभी राहील, असं ठरलं. त्या चारशे बारांत राखणदाराची लेक होती. मग आखणी झाली, फक्की पडली, पाटी लागली, आणि आखणारे जे गेले ते गेलेच.

रेघा पुसट व्हायला लागल्या तशा त्याने स्वतःच पुन्हा ओढल्या. दरवर्षी ओढल्या. लेक लहानपणी त्याच्या मागे मागे फिरायची. एकदा तो रेघेवरून पलीकडे गेला तर तिने त्याला दटावलं होतं, "बाबा, भिंतीतून कुणी जातं का? दारातून या." तेव्हापासून तो दारातून जात होता. पाटीवरची अक्षरंही तिनेच त्याला शिकवली, खोली क्रमांक दोनच्या मातीत, काडीने. दोन वर्षं तो जी पाटी राखत होता, तिच्यावर काय लिहिलंय हे त्याला तेव्हा कळलं.

"ही कुठली खोली?" बाईंनी विचारलं.

"दोन नंबर. त्या अंगाला खिडकी."

खिडकीपाशी लेक बसली होती, त्याला एकट्यालाच दिसणारी. दुपारी असायचीच. अठरा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर वही. तशी त्याची खरी लेक जिवंत होती. छत्तिशीची झाली होती, दूरच्या शहरात औषधांच्या कारखान्यात खोकी भरत होती. दर रविवारी फोन करायची, शेळीपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करायची, माळाची तेवढी नाही. इथली मात्र अठराचीच राहिली होती. ती त्याच्याकडे कधी बघायची नाही.

बाईंनी फाइल उघडली. "पुढच्या तीस वर्षांची योजना करतोय आम्ही. शाळांचे पट पाहिले. आणखी बारा वर्षांनी या भागात अठराची मुलं साठसुद्धा नसतील, काका. साठ मुलांसाठी कॉलेज धरता येत नाही."

"मग?"

"जागा यादीतून निघेल. तुमची नोकरी किती राहिली?"

"तीन महिने."

"मग तुम्हाला काही झळ नाही."

तो गवताकडे बघत राहिला. "तेव्हा चारशे बारा होती, बाई."

"हो, आहे ना कागदावर."

"त्यातली एक माझी."

बाईंनी पेन थांबवलं. "काय शिकली?"

"बारावी झाली. परगावच्या कॉलेजचा फॉर्म आणला होता तिने. मीच पेटीत ठेवला. म्हटलं, कशाला परक्या गावी राहतेस? पुढच्या वर्षी इथंच उभं राहतंय, घरून डबा घेऊन चालत जाशील. बायको सांगत होती, जाऊ द्या पोरीला. सरकारचा नसेल एवढा विश्वास तुमचा त्या योजनेवर, म्हणाली." तो जरा हसला. "चार वर्षं मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. पाचव्या वर्षी तिने विचारलंच नाही. स्थळ आलं, हो म्हणाली."

बाई फाइल मिटून निघाल्या. रेघेपाशी आल्या आणि थबकल्या. इकडे तिकडे बघितलं. मग रेघेच्या कडेकडेने चालत मोकळ्या जागेपर्यंत गेल्या आणि तिथून बाहेर पडल्या.

त्यांची गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याने लेकीला फोन लावला.

"आज काय मध्येच, बाबा? आईला बरं आहे ना?"

"आईला काय धाड भरलीय. मलाच पुरून उरेल ती." तो घुटमळला. "योजनेच्या बाई आल्या होत्या. कॉलेज निघालं यादीतून."

पलीकडे नुसती यंत्रांची घरघर.

"पोरी, तो फॉर्म मी तेव्हा..."

"बाबा." तिने त्याला मध्येच थांबवलं. मग विचारलं, "त्या बाई दारातून गेल्या का?"

त्याने रेघेतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं.

"येताना भिंतीतून आल्या," तो म्हणाला. "जाताना दारातून गेल्या."

"बरं झालं." पलीकडे कर्कश घंटा वाजली. "घंटा झाली बाबा. जाते."

फोन हातात धरून तो उभा राहिला. खोली क्रमांक दोनमध्ये लख्ख ऊन पडलं होतं. खिडकीपाशी कोणी नव्हतं. थोडा वेळ त्याने वाट पाहिली, मग काठी उचलली आणि वळसा घालून दारातून बाहेर पडला.