माझं नववं प्रकरण

मी कादंबरी बोलतेय. बास्केटबॉल खेळणारा मुलगा आणि त्याच्या कोचची मुलगी यांच्या प्रेमाची. माझ्या मुखपृष्ठावर घामाघूम नायक आहे आणि मागे नायिका उगाच आभाळाकडे बघत उभी आहे. अशा आम्ही मनिलाच्या दुकानांत पुष्कळ जणी मिळतो. पण मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या पोटात एक खोटं होतं, आणि त्याने एका सज्जन माणसाचं नाव खराब केलं.

मला लिहिलं लुझ्विमिंदाने. तिला सगळे मिंदा म्हणतात. मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातल्या एका लहानशा वस्तीत ती शाळेत शिकवते. उत्तरपत्रिका तपासून झाल्या की ती मला फोनवर दोन अंगठ्यांनी लिहायची.

माझी पहिली आठ प्रकरणं खरी आहेत. पत्र्याच्या छपराखालचं कोर्ट, स्लिपर घालून खेळणारी पोरं आणि उंच, लाजरा एल्मर. मिंदाचे वडील बर्तिंग दिवसभर ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला डबा जोडलेली रिक्षा, चालवायचे आणि संध्याकाळी वस्तीच्या संघाला शिकवायचे. सराव संपला की एल्मर त्यांच्याच घरी जेवायचा, आणि मिंदा न विचारता त्याच्या ताटात आणखी एक तळलेला मासा वाढायची. हे लिहिताना तिचे अंगठे थांबत नसत.

गाडी अडली ती नवव्या प्रकरणात. एल्मरने तिला मागणी घातली होती आणि ती काहीच बोलली नव्हती. मग तो दूर दावाओच्या संघात खेळायला निघून गेला. त्याला आता बारा वर्षं झाली. आपण गप्प का राहिलो ते तिला लिहवेना, म्हणून तिने ते प्रकरण दोन पानांत उरकलं.

संपादकबाईंचा लगेच फोन आला. "अगं, हे काय! कुणी आडवं आल्याशिवाय वाचणारीला रडू कसं येणार? मुलीचा बाप घाल मध्ये. कोचच आहे ना तो? झालं तर मग!"

मिंदाने घातला. बाप नियम करतो की माझ्या मुलीशी बोलेल तो संघाबाहेर. मुलाचं पत्र तो सगळ्यांसमोर फाडतो. हा नियम कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. दोनशे चौदा पानं आहेत माझी, पण एकाही पानावर त्याचं कारण सापडत नाही. आणि घाईत मिंदाने त्या बापाला बर्तिंगचीच लाल टोपी घातली, त्यांचंच लंगडणंही दिलं.

मी छापून आले आणि वस्तीतल्या दुकानदार आलिंग पासिंगने मला भाड्याने द्यायला ठेवलं. महिन्याभरात मी घरोघरी फिरले. येता-जाता बायका बर्तिंगना टोमणे मारायच्या. "काय हो कोच, इतके दुष्ट असाल असं वाटलं नव्हतं हं!" ते हसायचे. कादंबऱ्या ते वाचत नसत.

मग फिएस्टा आली, गावच्या संताची जत्रा. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवसांत घरी येतात. एल्मरही आला, बायकोला आणि छोट्या मुलीला घेऊन. जत्रेतल्या स्पर्धेचा अंतिम सामना सुरू व्हायच्या आधी बर्तिंगनी हात पुढे केला. इथे लहानांनी मोठ्यांचा हात कपाळाला लावायचा असतो. एल्मरने नुसती मान हलवली आणि तो पुढे गेला. त्यानेही मला वाचलं होतं, आणि मिंदाच्या गप्प राहण्यामागे कोचच होते असं धरून बसला होता. हात तसाच राहिला. मला फार लाज वाटली.

बायकांचे टोमणे आठवून बर्तिंग तडक दुकानात गेले, मला मागून घेतलं आणि ट्रायसिकलमध्ये बसून चष्मा लावून नववं प्रकरण वाचलं. एकेक ओळ बोटाने. मग ते मिंदापाशी आले. मध्यंतर झालं होतं.

"मी कधी अडवलं गं त्याला?" त्यांनी मला तिच्यासमोर धरलं. "सहा फूट दोन इंचांचा जावई मी नाकारीन? बल्ब बदलायला स्टूल लागतं मला!"

"ताताय, ती नुसती गोष्ट..." मिंदा वडिलांना म्हणाली.

"त्याने खरी मानली ना!"

मिंदा उठली आणि मला हातात घेऊन थेट कोर्ट ओलांडून गेली. मायक्रोफोनवाला ओरडला, "मंडळी, खरा सामना आता सुरू होतोय!" लोक हसले.

"एल्मर," ती म्हणाली, "तातायनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. एका वर्षात दोघी बहिणींची लग्नं करत नाहीत, एकीचं सुख दुसरी खाते म्हणतात. तुला जानेवारीपर्यंत थांबायला सांगायचं होतं. तीनच महिने. पण संघाने तुला बोलावलं होतं. माझ्यामुळे तू मागे राहिलास असं व्हायला नको होतं. मी घाबरले आणि गप्प बसले."

मायक्रोफोनवाल्याने माइक खाली ठेवला.

"तीन महिने?" एल्मर हळूच म्हणाला. "मिंदा, मी तीन वर्षं वाट बघितली."

तो वळला, तिच्यामागोमाग आलेल्या बर्तिंगसमोर वाकला आणि त्यांचा हात कपाळाला लावून तसाच राहिला. "कोच, चुकलं माझं."

"जेवायला या घरी," बर्तिंग म्हणाले. "पोरीलाही आण."

पाहुणे जेवून गेल्यावर मिंदाने माझं नववं प्रकरण फाडून काढलं. दुखलं, नाही असं नाही. पण हलकंही वाटलं. माझ्या बाकीच्या बहिणींच्या, म्हणजे इतर प्रतींच्या, पोटात तो खोटा बाप अजून आडवा उभा आहे. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या हाती आली, तर त्याच्यावर रागावू नका, त्या माणसाने कुणाचंच काही वाईट केलेलं नाही.

मी आजही आलिंग पासिंगच्या दुकानात असते. माझ्यात आता आठव्या प्रकरणात मुलगा विचारतो, मुलगी गप्प राहते आणि दहाव्यात तो निघून गेलेला असतो. मला परत करताना बायका कुरकुरतात, "मधली पानं गळलीत हिची." नाही हो, बायांनो. घडलं होतं ते एवढंच.