जिन्याचं दार

तो खटला थोरलीचा नव्हताच. नवऱ्यामागे शिलाई मशीन राहिलं, त्याचा जुना कोट राहिला, तसाच हाही राहिला. दोघा भावांचं एकदा कशावरून तरी बिनसलं आणि तिच्या नवऱ्याने खालून जिन्याला दार ठोकून कडी घातली. वर राहणारा धाकटा दीर कोर्टात गेला. पुढे वर्षभराच्या अंतराने दोघेही भाऊ गेले. खटला मात्र चिवट, तो दोन्ही जावांच्या नावावर चालू राहिला.

थोरलीच्या वकिलांनी तब्येतीचं कारण सांगून कागद परत केले. नवा वकील शोधायचं त्राण तिच्यात नव्हतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की मीच बोलेन. अंतिम युक्तिवादाची तारीख पडली.

मग ती मशीनपाशी बसून लिहू लागली. पहिल्या कागदावर नुसती आगपाखड झाली. वाचून पाहिलं तर शब्द न् शब्द नवऱ्याचा, आवाज तेवढा तिचा. तो फाडला. दुसऱ्यावर वकिलांचं जुनं म्हणणं उतरवलं की चोरांच्या भीतीने दार लावलं.

तेवढ्यात मागच्या लोखंडी जिन्यावरून धाकटी उतरताना दिसली. दार बंद झाल्यापासून तिला तोच रस्ता होता. गुडघा धरत, एकेक पायरी करत ती खाली आली. थोरलीने तिला खिडकीतून हाक मारली.

"माझा वकील म्हणतो, तुमच्याशी बोलायचं नाही," धाकटी म्हणाली.

"मग बोलू नकोस. ऐक."

धाकटी खिडकीबाहेर उभी राहून ऐकत राहिली. थोरलीचं वाचून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, ते चोरांचं काढून टाका. खोटं वाचताना तुम्ही अडखळता."

"ते काढलं तर उरतं काय?"

धाकटीने खांदे उडवले आणि पिशवी सावरत बाजाराला गेली. थोरलीने ते चोर खोडले. मग खालचंही बरंच खोडलं. शेवटी तिचा तिलाच कंटाळा आला आणि तिथेच, मशीनवर डोकं टेकून, तिला डुलकी लागली.

कोर्टात तिचा नंबर यायला दुपार झाली. उठताना पायाला मुंग्या आल्या होत्या. कागद हातात होता, पण चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता. तो शोधायचाही वीट आला.

"मॅडम, दार ह्यांनी लावलं," ती म्हणाली. "का लावलं ते तेव्हा मी विचारलं नाही. चोर मी पाहिला नाही. भांडण ऐकलं, दोन्हीकडून ऐकलं. मला ह्यात आता जिंकायचंही नाही. हे दार काढायला माझी हरकत नाही."

धाकटीचा वकील खुर्चीतून अर्धवट उठला. भलंमोठं भाषण तयार करून आला होता बिचारा. न्यायाधीशबाईंनी थोरलीला दोनदा विचारून घेतलं की याचा अर्थ कळतो ना, कुणाचा दबाव नाही ना. मग धाकटीला विचारलं. धाकटी वकिलाकडे न बघता म्हणाली, "मला जिन्याने जायला मिळालं की झालं." तडजोड लिहून घेतली गेली. दोघींनी सह्या केल्या.

बाहेर कँटीनमध्ये दोघी एकाच बाकावर बसल्या, कारण दुसरा रिकामा नव्हता. चहा आला.

"त्या दोघांना काय वाटलं असतं?" धाकटीने विचारलं.

"चिडले असते," थोरली म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा एकमत झालं असतं त्यांचं."

धाकटी हसली नाही, पण तिने थोरलीच्या चहाचेही पैसे दिले.

पुढच्या आठवड्यात सुतार येऊन दार उतरवून गेला. त्या दिवशी थोरलीने नवऱ्याच्या फोटोकडे बघायचं टाळलं. धाकटीचे पाय घरातल्या जिन्यावर वाजू लागले, तेही सुरुवातीला फार बिचकत. गोडीगुलाबी काही झाली नाही. पाणी आलं का, वीज कधी येणार, एवढंच बोलणं. चौकटीवर बिजागऱ्यांचे व्रण राहिले. रंग लावून घ्यायचा असं थोरलीने ठरवलं होतं, पण तेही राहूनच गेलं.