दसऱ्याला बसवलेले ब्रेक

"पेमदास! इकडे ये. ऐक हे!"

मालक मधुकरराव खुर्चीतूनच ओरडले, तेव्हा मी गॅरेजच्या दारात सायकल लावत होते. ऐकायला बोलवायची काही गरजच नव्हती. इंदिरा मॅडमची पांढरी गाडी कोपऱ्यावर वळतानाच अशी किंचाळली होती की समोरचा चहावाला गाळणी हातात धरून बघत राहिला.

मॅडम इथेच सिंदी मेघेत राहतात आणि हिंगणीच्या शाळेत शिकवतात. रोज जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर.

"फाटकापाशी ब्रेक लावला की पोरं ओरडतात, मॅडम आल्या, मॅडम आल्या!" त्या म्हणाल्या. "ते एक वेळ चालेल. पण आता गाडी एका बाजूला ओढते हो. मुलं असतात रस्त्यावर. दसऱ्याला सकाळी तुमच्याकडेच ब्रेकचे पॅड टाकले ना? चार महिन्यांत हे?"

"याचंच काम, मॅडम. डोळे गेले याचे." मधुकररावांनी माझ्या बाबांकडे बोट केलं. "उद्यापासून ब्रेकले हात लावायचा नाई तू. गाड्या धुवायच्या. समजलं?" आणि पाणी गळणारा पाइप पायानेच बाबांकडे ढकलला.

पायाने!

बाबांनी पाइपकडे पाहिलं. कपड्याला हात पुसले. चोवीस वर्षं झाली त्यांना इथे. देवळीपासून लोक येतात आणि म्हणतात, ब्रेक प्रेमदासच करेल, नाही तर उद्या येतो. ते हात आता गाड्या धुणार?

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दसरा! दसऱ्याला बाबा गॅरेजमध्ये नसतातच. दरवर्षी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. वर्षातली तेवढी एकच सुट्टी ते मागतात, आणि दरवर्षी मधुकरराव म्हणतात, "तुले बरी दसऱ्यालेच सुट्टी लागते बे!" चोवीस वेळा हे बोललेला माणूस विसरला? खोटं. साफ खोटं.

मी दप्तरासकट पुढे गेले.

"काका, दसऱ्याले बाबा नागपूरले होते. मी संगं होती."

"हे पोट्टी मधात काऊन बोलून राह्यली?"

"मधात नाई, खरं बोलून राह्यली. मॅडम, तुमची डिकी उघडता का?"

बाबांची एक रीत आहे. काढलेले जुने पार्ट ते नव्या पॅडच्या रिकाम्या खोक्यात भरून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवतात. काय काढलं ते दिसलं पाहिजे. खोक्यावर काळ्या मार्करने तारीख, किलोमीटर आणि कोपऱ्यात 'प्रे.' मी अक्षरं शिकले तीच त्या खोक्यांवर.

स्टेपनीशेजारी खोकं होतं. कोरं. वर एक अक्षर नाही. आत झिजलेले जुने पॅड, आणि त्यांच्याखाली प्लास्टिकची छोटी पुडी. न फोडलेली! आत नव्याकोऱ्या क्लिपा चमकत होत्या.

क्लिप म्हणजे स्टीलची पातळ पट्टी. तिच्यावरून पॅड मागे-पुढे सरकतो. जुनी काढायची, खालचा गंज खरवडायचा, मग नवी बसवायची. नाही तर पॅड अडकतो, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासत राहतो, एकीकडूनच झिजतो आणि किंचाळतो. तिसरीपासून मी इथे उपड्या बादलीवर बसून अभ्यास करते. मला नाही कळणार तर कोणाला?

"पुडी फोडलीच नाई कोणी," मी ती उंच धरली. "अन् बाबाचं नाव कुठं हाय याच्यावर?"

सगळ्यांनी ऋग्वेदकडे पाहिलं. ऋग्वेद म्हणजे मधुकररावांचा मुलगा. डिप्लोमावाला. हातात मोबाइल.

"गर्दी होती त्या दिवशी," तो म्हणाला. "जुन्या क्लिपा चांगल्याच होत्या." हेही त्याने स्वतःच्याच बाबांना सांगितलं. माझ्या नाही.

आता माफी मागतील, असं मला वाटलं. मी मूर्ख!

"बरं बरं," मधुकरराव म्हणाले. "पेमदास, घे करून लवकर. मॅडमले चहा सांगा रे."

लवकर? त्या ब्रेकपेक्षा मोठ्याने किंचाळावंसं वाटलं मला. "बाबा, करू नका! घरी चला!"

"नंदू, पाना दे," बाबा म्हणाले. "मॅडमले उद्या हिंगणीले जायचं हाय. पयले ब्रेक."

मी पाना दिला. आपटूनच दिला.

त्यांनी घाई केली नाही. चाक उतरवलं. आतला पॅड लोखंडापर्यंत गेलेला, बाहेरचा जाडजूड. दोन्ही शेजारी धरून मॅडमना दाखवले. गंज खरवडला, खालचं लोखंड पांढरं दिसेपर्यंत. कोरड्या पडलेल्या पिना पुसून ग्रीस लावलं. क्लिपा अंगठ्याने दाबल्या, टक्, टक्. नवे पॅड बोटाने सरकवून पाहिले. मग दुसरं चाक. तसंच, तितकंच सावकाश.

मॅडमचा चहा निवला होता. "प्रेमदासजी, मी तुमच्यावरच चिडले हो."

"ब्रेक वाजला त सांगायलेच पायजे, मॅडम."

मग त्यांनी खोकं घेतलं. तारीख. किलोमीटर. आणि आज 'प्रे.' नाही. एकेक अक्षर दाबून पूर्ण लिहिलं: प्रेमदास नारायण थूल.

गाडी निघाली. कोपऱ्यावर एसटी आडवी आली, तसे मागचे लाल दिवे लागले. चहावाल्यासकट आम्ही सगळे कान देऊन उभे. काही नाही. नुसती एसटीची घरघर.

"उद्या लवकर येजो बे, दोन गाड्यांचे ब्रेक हाय," असं म्हणत मधुकरराव चहाच्या टपरीकडे गेले. जसं काही झालंच नव्हतं.

बाबा वाकले. नळ बंद केला. जमिनीवरचा ओला पाइप उचलून गुंडाळायला लागले, वेटोळ्यावर वेटोळं, एकही सैल नाही. मला वाटलं, खिळ्याला टांगतील. पण ते चालत आत गेले आणि ते वेटोळं मधुकररावांच्या रिकाम्या खुर्चीवर, गादीच्या मधोमध, अलगद ठेवलं.

मग साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. मी सायकल काढली. मागे गादीतून पाणी झिरपत होतं आणि थेंब थेंब फरशीवर पडत होतं.