कळशीतला दर्या

ज्याला जगवायचे तोच जीव आपल्या माणसाच्या हातून नकळत रोज थोडा थोडा मरत असेल, तर त्या माणसाला ते सांगणे हा धर्म, की न सांगणे हा, याचा निर्णय कोणत्याही ग्रंथाने दुसऱ्याच्या वतीने केलेला नाही. तो ज्याचा त्याला, आपल्याच उंबरठ्यावर उभे राहून करावा लागतो. सांतानमास्तरांवर ती वेळ एका रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आल्यावर आली.

तन्वीने काचेच्या टाकीतले थेंबभर पाणी दुर्बिणीसारख्या एका लहानशा यंत्रावर सोडले आणि ते डोळ्याला लावून ती खिडकीच्या उजेडाकडे वळली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग काच पुसून तिने दुसरा थेंब घेतला, पुन्हा पाहिले.

"काय गो?" सांतानने विचारले.

"अंकल, वायच भायर येवा."

तिने स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला होता. आत त्याची बायको अ‍ॅनी नीरफणसाच्या कापांना तिखटमीठ लावीत होती.

टाकी त्यांच्या मुलाची, ॲल्स्टनची. तो पर्यटकांना समुद्रतळ दाखवायला नेई. त्यांच्या बेफिकीर पायांखाली मोडलेली प्रवाळाची टोके तो उचलून घरी आणी, काचेत वाढवी, आणि धरली की पुन्हा खडकावर नेऊन बसवी. तन्वी त्याची मैत्रीण. सागरी जीवशास्त्र शिकलेली, कुडाळची. गेल्या मे महिन्यात अडकलेला नांगर सोडवायला ॲल्स्टन खाली गेला, तो वर आला नाही. दर्याने त्याचे काहीही परत दिले नाही. कबरस्तानात त्याच्या नावाचा क्रूस आहे आणि त्याखाली नुसती माती.

टाकीतले पाणी हवेने उतरू लागले तेव्हा अ‍ॅनी कासावीस झाली होती. "दर्यातली जीवा ती. तेंका बावीचा पाणी कसा चलतला?" असे म्हणून तिने सांतानच्या हाती कळशी दिली. तेव्हापासून रोज सकाळी तो किनाऱ्यावरून कळशीभर पाणी आणी आणि ती दारातच ते हातात घेई. ते टाकीत ओतताना ती काही पुटपुटे. प्रार्थना असावी, असे त्याला वाटले होते. एकदा जवळ गेला तेव्हा शब्द कानी आले.

"इलंस पुता? ये, बस."

तो तसाच मागच्या पावली परतला होता.

ओसरीवर तन्वी खांबाला टेकली.

"अंकल, टाकयेत मीठ खूप झाला. पाणी सुकता, पण मीठ सुकना नाय. वर परत दर्याचाच पाणी घातलास तर मीठ वाढतच जाता. कमी झालेला भरूक गोडाच पाणी लागता. ॲल्स्टन तसाच घाली."

शिरोड्याची मिठागरे सांतानने वर्गातल्या फळ्यावर किती तरी वेळा काढली होती. वाफे, ऊन, मागे राहणारे मीठ.

"आज तो असतो तर तुमची फिरकी घेतल्यान असती," तन्वी हसू आणून म्हणाली. "म्हणालो असतो, बापाशीक सगळो गाव मास्तर म्हणता, आणि मीठ खंय जाता ता तेका ठावक नाय!"

सांतानही हसला. मग दोघांचेही हसणे एकदमच संपले.

"म्हणजे ती टोका पांढरी पडली..."

"ह्याच्यानच. प्रवाळ आता वाचूचा नाय, अंकल. मासो वाचात कदाचित. पण दर्याचा पाणी बंद व्हया. आन्टीक मी सांगू?"

"काय सांगतलंस? ॲल्स्टनची जीवा आवशीनच मारल्यान म्हणान?"

तन्वीने ओठ दातांखाली धरला आणि अंगणातल्या माडाकडे पाहत राहिली. जाताना तिने अ‍ॅनीला मिठी मारली, ती जरा अधिकच वेळ.

दुसऱ्या दिवशी सांतान नेहमीच्याच वेळी निघाला. किनाऱ्यावर गेला, ओल्या वाळूत उभा राहिला. लाट येऊन घोटे भिजवून गेली. कळशी त्याने खाली वाकवली नाही. पायांना वाळू नीट लागली आहे हे पाहून तो वळला आणि कपेलाजवळच्या, त्या लहानशा प्रार्थनामंदिराजवळच्या, विहिरीवर त्याने कळशी भरली. येताना ती त्याला नेहमीपेक्षा जड वाटली.

अ‍ॅनी दारात उभी होती. सकाळी नारळ खोवताना तिचे बोट खवणीला लागले होते. चिंधी बांधायलाही ती थांबली नव्हती. तिने कळशी घेतली, टाकीशी गेली आणि ओतू लागली. धार कलली, पाणी त्या बोटावरून वाहिले.

तिचा हात थांबला.

सांतान भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाहू लागला. पंपाची बारीक घरघर तेवढी चालू होती. पांढऱ्याफटक टोकांमधून नारिंगी पट्ट्यांचा एकुलता एक मासा वर आला आणि नव्या पाण्याखाली क्षणभर थबकला.

"खंयचा पाणी ह्या?" वळून न पाहता अ‍ॅनीने विचारले.

"दर्याचा."

तिने बोट पाण्याखाली धरून ठेवले, मग बाहेर काढून ते निरखले. जखम उघडीच होती.

"आज दर्यो झोंबलो नाय," ती म्हणाली.

ती वळली. सांतानच्या चेहऱ्याकडे नव्हे, त्याच्या पायांकडे, घोट्यांपर्यंत चिकटलेल्या वाळूकडे तिने पाहिले, आणि खूप वेळ पाहत राहिली. तिने पदर तोंडाशी दाबून धरला. टाकीत पांढऱ्या पडलेल्या प्रत्येक टोकावरून तिची नजर एकदा फिरली. मग तिने कळशीत उरलेले पाणी मुकाट्याने टाकीत ओतले, शेवटच्या थेंबापर्यंत.

"उद्या पण ह्याच हाडा," ती म्हणाली. "आणि आता पाय धुवा. सगळी वाळू घरात येता."

तो मागल्या दारी गेला. ती मागोमाग आली, तांब्याने त्याच्या पायांवर पाणी घालू लागली. दोघांपैकी कोणीही मान वर केली नाही.

त्या दोघांच्या मौनाला परमेश्वर सांभाळो, टाकीतल्या त्या एका जीवाला आयुष्य देवो. आणि जो परतला नाही, त्याच्या अंगाला ते अथांग पाणी मऊ लागो.