पंचफुलाबाईची झील

मलकापूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, एका चपलांच्या दुकानाच्या माडीवर, सारिकाची गाणी रेकॉर्ड करायची खोली होती. पुण्यात आवाजाचं तंत्र शिकून, तिथं काही वर्षं जाहिरातींमधले श्वास नि खोकले पुसून ती घरी परतली होती. भिंतींना तिनं गोधड्या ठोकल्या, खिडकीला दुहेरी काच लावली. तरी मालगाडी गेली की जमिनीतून घुमारा वर चढायचाच. हिवाळ्यात सरकी काढायच्या जिनिंगकडं निघालेल्या कापसाच्या गाड्या खालून जायच्या आणि सुटलेले तंतू दुपारच्या उन्हात असे तरंगत राहायचे, की बघता बघता माणसाला हातातलं कामच आठवू नये.

अशाच एका दुपारी देऊळघाटचे धम्मरत्न गुरुजी आपल्या आईला घेऊन आले. पंचफुलाबाई. साठी ओलांडलेली, सडपातळ, पांढऱ्या साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली बाई. एकेकाळी ती आणि तिची थोरली बहीण अन्नपूर्णा जयंतीच्या दिवसांत गावोगाव भीमगीतं गायच्या. गाणी अन्नपूर्णाच जुळवायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, तिचा आवाज कुणी भरून ठेवला नव्हता आणि गाणी आता एकट्या पंचफुलाबाईच्या तोंडात उरली होती. ती राहावीत, एवढीच गुरुजींची इच्छा.

पंचफुलाबाई माइकपुढं उभी राहिली आणि दर थोड्या वेळानं आपसूक मागं सरकू लागली. सारिका तिला हलकेच पुढं आणायची, ती पुन्हा मागं. शिवाय प्रत्येक ओळ ती जरा उशिरा उचलायची, जणू पहिल्यांदा दुसरं कुणी म्हणणार आहे. "पाटीवर लिहिलं नाव, माय, तुह्या लेकीनं" अशी गाण्याची सुरुवात होती. आवाज सुरात होता, पण बारीक झालेला, दोऱ्याच्या टोकासारखा. सारिकाला वाटलं, वय झालंय, एवढंच. रेकॉर्डिंग संपवून तिनं मायलेकांना चहा पाजला आणि गाडीला लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मिक्सिंगला बसली. आधी तिनं नेहमीचा इक्वलायझर उघडला. त्यात आवाजाचा आलेख पडद्यावर दिसतो. कुठं घुमतंय, कुठं नाकात जातंय, सगळं डोळ्यांना कळतं. तिनं मालगाडीचा घुमारा कापला, कडा तासल्या. आवाज घासलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा लख्ख झाला. आणि तितकाच रिकामा.

मग तिनं दुसरा प्लगिन, म्हणजे आवाज घडवायचं संगणकातलं अवजार, उघडला. हा जुन्या मशीनवर बेतलेला होता. आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह तापायचे, त्या काळातली ती मशीन. सारिकानं खरी कधी पाहिलीही नव्हती. पडद्यावर तिचं नुसतं चित्र येई. निळसर पत्रा, त्यावर मोठाली काळी बटणं आणि एक पिवळसर दिवा. आलेख नाही, रेषा नाहीत. बटण फिरवायचं आणि ऐकायचं. खालचा, छातीतला सूर वाढवायचं एक बटण आणि तोच सूर कमी करायचं दुसरं. पुस्तकी हिशोबानं दोन्ही एकदम फिरवण्यात अर्थ नाही. एकानं दिलेलं दुसरं काढून घेईल. पण ही जुनी मशीन सरळ हिशोबाची नव्हती. दोन्ही फिरवली की आवाजाला खाली बैठक मिळे आणि तिच्या जरा वर थोडी जागा मोकळी होई. आवाज तिथं उभा राही.

सारिकानं डोळे मिटले. खालचा सूर एका बटणानं थोडा चढवला, दुसऱ्यानं थोडा उतरवला, वरचा सूर जरासा उघडला. बोटांना आता माउसही जाणवेना. पंचफुलाबाईचा आवाज हळूहळू जवळ येऊ लागला, सारवलेल्या अंगणातून कुणी अनवाणी चालत यावं तसा. येता येता त्याचं वय उतरत होतं. गालांवर मांस भरत होतं, दंडात जोर येत होता. शेवटच्या कडव्याला तर खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटून सारिकानं डोळे उघडले. उन्हात कापसाचे तंतू तेवढे फिरत होते.

तिनं गुरुजींना फोन केला, आईंना एकदा ऐकायला आणा म्हणून.

पंचफुलाबाई हेडफोन लावून बसली. दोन ओळी झाल्या असतील, तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि दाराकडं पाहिलं.

"हे कवा भरलं तुनं?" तिनं विचारलं.

"परवाचंच हाय मावशी. तुम्हीच तं गायल्या."

"माहं नाही हे. ही आमची बाई हाय."

बाई म्हणजे थोरली बहीण, अन्नपूर्णा. मग पंचफुलाबाई आपणच सांगत गेली. गाणं नेहमी बाई गायची. ही तिच्या मागं, डाव्या खांद्याशी उभी राहून झील ओढायची, म्हणजे बाईनं ओळ टाकली की तिचं शेपूट उचलून लांबवायची. सगळा जन्म झीलच ओढली. गाण्याची पहिली ओळ आपल्या तोंडून निघते, हेच तिला अजून खरं वाटत नव्हतं. बाईचा आवाज भरदार. भोंगा नसला तरी वेशीपर्यंत जायचा.

सारिकानं पडद्यावरची बटणं दाखवली. आवाज तुमचाच आहे, मी त्याला थोडं अंग दिलं, बहिणी असल्यानं सारखा वाटत असेल, असं सांगितलं. पंचफुलाबाईनं नीट ऐकून घेतलं, मान हलवली. बटणांशी तिला काही घेणंदेणं नव्हतं.

"मंग मले हिच्यामांगं झील ओढू दे," ती म्हणाली.

सारिकानं पुन्हा माइक लावला. हेडफोनमध्ये भरदार आवाज ओळ टाकत होता आणि पंचफुलाबाई मागून झील ओढत होती. या वेळी ती ना मागं सरकली, ना उशिरा आली. ओळ संपायच्या आत नेमकी उचलायची आणि अशी लांबवायची, की दोन आवाजांमधला सांधा दिसू नये. गाताना ती किंचित उजवीकडं बघत होती, कुणाच्या खांद्यावरून पाहावं तशी. दोन्ही आवाज तिचेच होते आणि खोलीत गाणाऱ्या बाया मात्र दोन होत्या.

गाणं तयार झालं. ते पक्कं करण्याआधी अन्नपूर्णाच्या लेकीनं ऐकावं, असं गुरुजींना वाटलं. ही लेक रेणुका. उंद्रीला अंगणवाडीत होती, चाळिशीची, मोजकं बोलणारी. सुटीच्या दिवशी मावशीला घेऊन ती मलकापूरला आली. तिनं गाणं पूर्ण ऐकलं, छान झालंय म्हणाली आणि पर्सचा बंद लावू लागली.

"तुही माय वळखू नाही आली तुले?" पंचफुलाबाईनं विचारलं.

रेणुकानं सावकाश सांगितलं की मावशी दुखावणार नसेल तर खरं बोलते, ही तिची आई नव्हे. पंचफुलाबाईचा चेहरा उतरला. तू लहान होतीस, तुला काय आठवणार, असं ती पुटपुटली. सारिकानं गाणं पुन्हा सुरू केलं. झिलीचा ट्रॅक बंद ठेवला आणि काय केलंय ते दाखवावं म्हणून मशीनच्या चित्रावरचा पिवळा दिवा विझवला, म्हणजे ती मशीनच बंद केली.

आवाजाचं अंग गळून पडलं. उरला तो बारीक दोरा.

रेणुकाचा हात टेबलावर आला. "हे," ती म्हणाली. "हे राहू द्या. ही माय."

मग तिनं सांगितलं. ती शाळेत जाऊ लागली तेव्हाच आईची छाती धरली होती. आईचं गावोगावचं गाणं तिनं कधी ऐकलंच नाही. तिच्या वाट्याला आलेली आई दारात बसून तिची वेणी घालायची आणि घालता घालता अशीच गायची, दम पुरेल तेवढं, बारीक. कडवं मधेच तुटायचं. मग आई फणी केसांत तशीच ठेवून श्वास घ्यायची आणि पुढं सुरू करायची.

पंचफुलाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "गायची?" तिनं विचारलं. "बिमारीत गायची ते?"

"रोज गाये."

"मले तिनं सांगतलं होतं, म्या गाणं सोडलं म्हून. मी भेटाले आली की तोंड उघडत नव्हती. मले वाटे, गाणं गेलं तिचं." पंचफुलाबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मी ऐकीन म्हून गप राहे. दुबळी ऐकू येईन म्हून."

रेणुकानं मावशीचा हात हातात घेतला. स्टेशनाकडून मालगाडी गेली आणि खिडकीची काच थोडी थरथरली. सारिकानं गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं, दिवा न पेटवता, आणि तिघींनी ते शेवटपर्यंत ऐकलं. पंचफुलाबाईनं ते डोळे मिटून ऐकलं. बहिणीचा तो आवाज तिला पहिल्यांदाच भेटत होता.

त्या गेल्यावर सारिका पुन्हा पडद्यापुढं बसली. दोन निरनिराळी गाणी करून द्यावीत, एक मावशीला, एक लेकीला, असंही तिच्या मनात आलं. पण ते तिला माणसाची वाटणी केल्यासारखं वाटलं. शेवटी तिनं बटणांनाच चालायला लावलं. संगणकात तशी सोय असते. गाणं पुढं सरकेल तसं बटण आपोआप फिरत राहतं. पहिल्या कडव्यात तिनं आवाज उघडा, बारीक ठेवला. मग खालचा सूर इतका हळू चढवत नेला, की कुठल्या शब्दाला काय बदललं ते तिला स्वतःलाही सांगता येईना. जणू एक आजारी बाई दारातून उठते, चालू लागते, चालता चालता बरी होते, आणि वेशीपाशी पोचते तेव्हा तिच्या मागं डाव्या खांद्याशी दुसरी येऊन उभी असते.

देऊळघाटच्या विहारापुढं रविवारी सकाळी ते गाणं लागलं. धम्मरत्न गुरुजींनी स्पीकर आणला होता. बाया ओट्यावर बसल्या, पोरं सुरुवातीला दंगा करत होती, मग निवली. एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, अन्नपूर्णाचं जुनं रेकॉर्डिंग कुठं सापडलं म्हणून. पंचफुलाबाईनं ऐकलं, पण त्याची समजूत मोडली नाही. रेणुका तिच्या शेजारी बसली होती. गाणं संपल्यावर तिनं मावशीच्या पाठीमागं जाऊन तिचा सैल झालेला अंबाडा सोडला आणि पुन्हा घट्ट बांधून दिला.

दुपारच्या बसनं सारिका परत निघाली. बुलढाणा मागं पडलं, राजूरचा घाट लागला आणि गाडी उतरू लागली तसे तिच्या कानांत दडे बसले. इंजिनाची घरघर, मागच्या बाकावरच्या बायांचं बोलणं, सारं दुलईखालून यावं तसं मऊ होऊन दूर गेलं आणि आत सकाळचं गाणं तेवढं उरलं. खाली मोताळ्याकडची कापसाची शेतं उन्हात पांढरी फुटली होती. दडे सुटू नयेत म्हणून तिनं आवंढा गिळायचं टाळलं. जितका वेळ ते असं राहील तितका वेळ राहू दे, म्हणून ती काचेला डोकं टेकून बसली.